अप्पर लोबच्या दारात तीनऐवजी दोनच तोंडं दिसली तर

कराडहून एका तरुण छातीरोगतज्ज्ञानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पेशंट मध्यमवयीन, दोन महिने खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. थुंकीचे दोन्ही नमुने निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) तीही निगेटिव्ह. सीटीमध्ये उजव्या अप्पर लोबच्या, म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या भागाच्या, पोस्टिरियर (पाठीकडच्या) सेगमेंटमध्ये पोकळी; सेगमेंट म्हणजे लोबचा स्वतःची नळी असलेला तुकडा. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळ्यांत दुर्बीण (स्कोप) घालून, त्याच सेगमेंटमधून लॅव्हाज, म्हणजे सलाईन घालून परत ओढलेलं धुवण, घ्यायचं ठरलं. पण स्कोप उजव्या अप्पर लोबच्या दारात नेला तर पुस्तकातल्या चित्राप्रमाणे तीन तोंडं दिसायला हवी होती, दिसली दोनच. शेवटी अंदाजानं एकात पाणी घातलं. त्यांना विचारायचंय ते हे, की पोस्टिरियरची नळी खात्रीनं ओळखायची कशी, आणि चित्रासारखं दिसत नसेल तर काय समजायचं?

आधी मुद्द्याचं सांगतो. तोंडं मोजू नका, नळी कुठल्या दिशेला चालली आहे ते बघा. सेगमेंटचं नाव ठरतं ती नळी फुप्फुसाच्या कुठल्या भागात हवा नेते त्यावरून. दारातलं चित्र माणसागणिक बदलतं, दिशा मात्र बदलत नाही. वर जाणारी एपिकल, पाठीकडे जाणारी पोस्टिरियर, छातीच्या पुढच्या भिंतीकडे जाणारी अँटिरियर.

रचनेची उजळणी करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. श्वासनलिका कॅरायनापाशी दुभंगते. उजवा मुख्य ब्रॉन्कस, म्हणजे फुप्फुसात जाणारी मोठी नळी, डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा. डावा सुमारे ५ सेंटिमीटर जातो तेव्हा कुठं त्याला पहिला फाटा फुटतो. उजव्याला कॅरायनाखाली साधारण २ सेंटिमीटरवरच, बाहेरच्या भिंतीतून, अप्पर लोबचा ब्रॉन्कस फुटतो. तोही जवळजवळ काटकोनात. म्हणून तर शेंगदाणा नाहीतर चिंचोका श्वासात गेलेलं पोर आलं की तो ऐवज सहसा खालच्या बाजूला सापडतो, अप्पर लोबमध्ये क्वचित. आणि म्हणूनच तोंडातून घातलेली कृत्रिम श्वासाची नळी जरा जास्त खोल गेली की डावं फुप्फुस तर बंद पडतंच, पण उजवा अप्पर लोबही बसू शकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन्ही फुप्फुसांना वेगवेगळी हवा देणारी दुहेरी नळी घालायची वेळ आली की भूलतज्ज्ञ शक्यतो डाव्या बाजूची निवडतात त्याचं कारणही हेच. उजव्या बाजूच्या नळीला अप्पर लोबसाठी वेगळी खाच ठेवावी लागते आणि ती नेमकी दारासमोर बसवणं हे कटकटीचं काम आहे.

अप्पर लोबचा ब्रॉन्कस स्वतः जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब. मग त्याचे फाटे होतात: एपिकल, पोस्टिरियर, अँटिरियर. प्रत्येक सेगमेंटला स्वतःची नळी आणि स्वतःची धमनी, दोन्ही मधोमध शिरतात. शिरा मात्र दोन शेतांमधल्या बांधासारख्या सेगमेंटच्या सीमेवरून जातात. स्कोप करणाऱ्याला शिरांशी देणंघेणं नसतं, पण सेगमेंट काढणारा सर्जन त्यांच्यावरच नजर ठेवून असतो.

आता तुमच्या दोन तोंडांकडे. एकाच ठिकाणी तिन्ही नळ्या फुटतात हे पुस्तकातलं चित्र खोटं नाही, पण ते अनेक नमुन्यांपैकी एक आहे. बऱ्याच माणसांत आधी दोनच फाटे होतात आणि त्यातल्या एका फाट्यात दोन सेगमेंटच्या नळ्या एकत्र असतात. कधी एपिकल आणि पोस्टिरियर एकत्र, अँटिरियर वेगळी. कधी एपिकल आणि अँटिरियर एकत्र, पोस्टिरियर वेगळी. कधी पोस्टिरियर आणि अँटिरियर एकत्र, एपिकल वेगळी. म्हणजे दोन तोंडं दिसली की घाबरायचं नाही. जे तोंड मोठं आहे त्यात पाच-सात मिलिमीटर पुढं जायचं, आत दुसरा फाटा भेटतो. उलट कधी चार तोंडंही दिसतात. पोस्टिरियर आणि अँटिरियर या दोन्हींची एकेक उपशाखा काखेच्या बाजूला जाते. ती लवकर फुटून थेट दारातच उघडली की चौथं तोंड तयार होतं, आणि ते बहुतेक तुमच्या समोर सरळ, बाहेरच्या दिशेला असतं.

तिसरी शक्यता विसरली जाते: तिसरी नळी अप्पर लोबच्या दारात नसून वर श्वासनलिकेतच असू शकते. त्याला ट्रॅकियल ब्रॉन्कस म्हणतात. साधारण ०.१ ते २ टक्के लोकांत तो सापडतो, बहुतेक वेळा उजव्या भिंतीत, कॅरायनाच्या वर दोन-एक सेंटिमीटरच्या आत. कधी फक्त एपिकल सेगमेंट तिथून निघतो आणि मग खाली अप्पर लोबमध्ये दोनच तोंडं उरतात. कधी अख्खा अप्पर लोबच वरून निघतो. स्कोप स्वरयंत्रातून उतरला की सगळ्यांची नजर कॅरायनावर लागलेली असते, त्यामुळे जाताना हे छिद्र डोळ्याआडून निसटतं. दोन तोंडं दिसली तर परत फिरताना श्वासनलिकेची उजवी भिंत एकदा सावकाश बघा. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर यांच्यात हा ब्रॉन्कस नेहमीचाच असतो. आमच्याकडे मिरजेत शिकाऊ डॉक्टर मटणाच्या दुकानातून शेळीची फुप्फुसं श्वासनलिकेसकट आणून त्यांच्यावर हात बसवतात. हात वळवायला ती उत्तम, पण उजव्या अप्पर लोबची रचना पाठ करायला अजिबात नाही. तिथलं चित्र डोक्यात बसलं की माणसाच्या छातीत चुकल्यासारखं होतं.

आता दिशा. इथंच सगळा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

पेशंट उताणा आणि तुम्ही त्याच्या डोक्याशी उभे असाल तर पडद्यावर वरची बाजू म्हणजे छातीची पुढची बाजू. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या वर दिसतात, मागची पडद्यासारखी मऊ भिंत खाली. पेशंटचं उजवं ते तुमच्या पडद्यावरही उजवीकडे. तुम्ही पेशंटच्या समोर उभे असाल आणि तो बसलेला असेल तर हे सगळं अर्ध्या चक्रानं फिरतं: मऊ भिंत वर, पेशंटचं उजवं पडद्याच्या डावीकडे. त्या मऊ भिंतीवर लांबलचक उभ्या रेषा दिसतात, लवचीक तंतूंच्या. त्या श्वासनलिकेतून मुख्य ब्रॉन्कसमध्ये उतरतात. मला विचाराल तर आत हरवलेल्या माणसानं आधी त्या रेषा शोधाव्यात. रेषा ज्या भिंतीवर, ती पाठीची बाजू.

डोक्याशी उभं राहून अप्पर लोबमध्ये शिरताना स्कोप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पाव चक्कर फिरवायचा आणि अंगठ्यानं खटका खाली दाबून टोक वर वळवायचं. नुसतं मनगट वळवून भागत नाही, स्कोप दोन हातांमध्ये ताणून सरळ ठेवावा लागतो, नाहीतर पीळ मधल्या झोळातच जिरतो आणि टोक जागचं हलत नाही. शिकाऊ मंडळींचा अर्धा वेळ इथंच जातो. समोरून करत असाल तर पाव चक्कर उलट्या दिशेला. टोक वळवून दारात पोचलात की तुम्ही पेशंटच्या उजव्या बरगड्यांकडे तोंड करून बघताय असं समजा: पडद्याच्या वर त्याचं डोकं, डावीकडे छाती, उजवीकडे पाठ. म्हणजे वरचं तोंड एपिकल, उजवीकडचं पोस्टिरियर, डावीकडचं अँटिरियर. गंमत अशी की डोक्याशी उभे राहा नाहीतर समोर, पाव चक्कर योग्य बाजूला पुरी झाली असेल आणि टोक वरच वळवलं असेल, तर शेवटचं चित्र एकच येतं. टोक खाली वळवून शिरलात तर मात्र ते उलटं होतं, एपिकल पडद्याच्या तळाशी जातं.

प्रत्यक्षात पाव चक्कर कधीच नेमकी बसत नाही. कमी फिरली की तिन्ही तोंडं घड्याळावर सरकतात, आणि 'पोस्टिरियर चार वाजता' असं पाठ केलेला माणूस तिथंच फसतो. त्यामुळे मी शिकवताना घड्याळ सांगत नाही, क्रम सांगतो. उजव्या अप्पर लोबमध्ये काट्यांच्या दिशेनं गेलात की एपिकल, मग पोस्टिरियर, मग अँटिरियर. चित्र कितीही फिरलं तरी हा क्रम फिरत नाही. एक नळी खात्रीनं ओळखली की बाकीच्या दोन आपोआप ठरतात. दोन एकत्र असल्या तरी मोठ्या तोंडाच्या आत गेल्यावर हाच हिशेब लागू पडतो.

ती एक नळी ओळखायला पाण्यासारखी साक्ष नाही. पेशंट सपाट उताणा असेल तर दारात पाच मिलिलिटर सलाईन सोडा आणि नुसतं बघत राहा. पाणी पाठीकडे ओढ घेणार, म्हणजे पोस्टिरियरमध्ये जाणार. पडद्यावर ते खाली जाताना दिसत नाही, उजवीकडे जाताना दिसतं, कारण तुमच्या पडद्याची उजवी बाजू ही त्या क्षणी पेशंटची पाठ असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पाणी आडवं कसं वाहतंय म्हणून तो स्कोपच पुन्हा फिरवू लागतो. फिरवू नका. पाणी खरं बोलतंय. घट्ट कफ असेल तर तोही बहुतेक त्याच तोंडातून डोकावताना दिसेल. टेबलाची डोक्याची बाजू उचलली असेल तर ही परीक्षा ढिली पडते, हे लक्षात असू द्या.

हाच पाण्याचा नियम आजारालाही लागू आहे. बेशुद्धीत, फिटमध्ये किंवा दारूच्या धुंदीत उताणं पडलेल्या माणसाच्या तोंडातला मळ श्वासात गेला, तर तो उजव्या अप्पर लोबच्या पोस्टिरियरमध्ये नाहीतर लोअर (खालच्या) लोबच्या सुपिरियर, म्हणजे सगळ्यात वरच्या, सेगमेंटमध्ये साचतो, आणि फुप्फुसातला गळू बहुतेक तिथंच होतो. तुमच्या पेशंटचे दात आणि हिरड्या बघितल्या का? पोकळी म्हटलं की आपल्या भागात टीबी आधी डोक्यात येतो, आणि तो यायलाच हवा. मोठ्या माणसातल्या टीबीच्या आवडत्या जागा एपिकल, पोस्टिरियर आणि लोअर लोबचा सुपिरियर याच. पण लॅव्हाजबरोबर साधं कल्चर, फंगसची तपासणी आणि सायटॉलॉजीही (पेशींची तपासणी) पाठवा. फक्त अँटिरियर सेगमेंटच धरलेला असेल, बाकी दोन कोरे असतील, तर मी टीबीच्या आधी कॅन्सरची शंका घेतो. तुमच्या पेशंटला ते लागू नाही, पण ओघात आलं म्हणून लिहिलं.

सीटीबद्दल. ब्रॉन्कोस्कोपीच्या आदल्या दिवशी रिपोर्टचा कागद नव्हे, चित्रं स्वतः बघा, पातळ छेदांची, लंग विंडोमध्ये. कॅरायनापासून एकेक छेद खाली उतरा. थोडं खाली उजव्या बाजूला अप्पर लोबचा ब्रॉन्कस आडवा निघताना दिसेल, आणि त्याच छेदात किंवा आसपास त्याचे दोन फाटे, एक पुढे, एक मागे. हे अँटिरियर आणि पोस्टिरियर. आडवे जातात म्हणून लांबीत दिसतात. एपिकल सरळ वर जाते, म्हणून ती वरच्या छेदांत काळ्या गोल ठिपक्यासारखी दिसते. त्या ठिपक्याचा माग काढत खाली या आणि तो कुणाला मिळतो ते बघा. मागच्या फाट्याला मिळाला तर एपिकल-पोस्टिरियर एकत्र. पुढच्याला मिळाला तर एपिकल-अँटिरियर एकत्र. दोन तोंडं दिसणार हे तुम्हाला स्कोप हातात घेण्याआधीच कळलेलं असतं. मग पोकळीपासून उलटं मागं या, तिला जाणारी नळी कुठल्या फाट्यातून फुटते ते कागदावर रेघा मारून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

इथं एक अडचण असते. सीटीचं चित्र पायाकडून बघितल्यासारखं असतं, म्हणजे पेशंटचं उजवं तुमच्या डावीकडे. डोक्याशी उभं राहून स्कोप करणारा डोक्याकडून बघतो. त्यामुळे डोक्याशी उभे राहणार असाल तर सीटीचं चित्र संगणकावर डावं-उजवं उलटवून घ्या; समोर उभे राहणार असाल तर वर-खाली उलटवा. मग सीटी आणि श्वासनलिकेतलं चित्र जुळतं.

आणखी एक खातरजमा. पोकळी खरंच पोस्टिरियर सेगमेंटमध्ये आहे ना? तिरकी फिशर, म्हणजे लोबांमधली फट, पाठीमागे बरीच वर, साधारण छातीच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीपर्यंत चढते. तिच्या वर अप्पर लोबचा पोस्टिरियर, तिच्या खाली लगेच लोअर लोबचा सुपिरियर. समोरून काढलेल्या एक्स-रेवर हे दोघं एकमेकांवर पडतात. 'उजवा अप्पर झोन' म्हणजे अप्पर लोब असं धरून चालणारे बरेच भेटतात. झोन ही फिल्मवरची पट्टी आहे, लोब नव्हे. सीटीत फिशरची रेघ शोधा. सुपिरियरची नळी पार वेगळ्या ठिकाणी असते, इंटरमीडियस ब्रॉन्कस (अप्पर लोबचा फाटा फुटल्यावर खाली जाणारी नळी) उतरून मिडल लोबच्या दारासमोर, मागच्या भिंतीत. पोकळी फिशरच्या खाली असेल तर अप्पर लोब कितीही धुतलात तरी हाती काही लागायचं नाही.

जुना टीबी होऊन गेलेल्या छातीत तर हे सगळं चित्रच वाकडं होतं. अप्पर लोब आकसतो, श्वासनलिका उजवीकडे ओढली जाते, अप्पर लोबचं दार वर सरकतं, काटकोन जाऊन तिथं टोकदार कोन होतो. एक्स-रेवर एरवी उजवा हायलम (नळ्या आणि रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात ती जागा) डाव्यापेक्षा थोडा खाली असतो. तो डाव्याच्या बरोबरीला किंवा वर दिसला तर समजा आत वाट वाकडी आहे. दुसरा प्रकार आपल्या खेड्यांत नेहमी भेटतो. आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या बायकांत नळ्यांच्या फाट्यांवर काळे डाग आणि अरुंद झालेली तोंडं. मिडल लोबमध्ये हे जास्त, पण अप्पर लोबच्या नळ्यांनाही सोडत नाही. एक तोंड आवळून बुजल्यासारखं झालेलं असेल तर ते मुळात नव्हतंच असं वाटू शकतं. काळ्या डागाच्या मधोमध सुरकुत्या एका बिंदूला खेचल्यासारख्या दिसल्या तर तिथं नळी होती. अशा ठिकाणी टीबीही बरेचदा सोबत असतो, म्हणून तिथून धुवून पाठवायचंच.

सेगमेंटच्या नळ्यांना दिलेल्या आकड्यांबद्दल सावध राहा. आज बहुतेक ठिकाणी बी१ एपिकल, बी२ पोस्टिरियर, बी३ अँटिरियर असं लिहितात. पण अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बॉयडन यांच्या पद्धतीत उजव्या अप्पर लोबमध्ये २ म्हणजे अँटिरियर आणि ३ म्हणजे पोस्टिरियर. जुन्या पुस्तकांवर शिकलेला सर्जन आणि नवा फिजिशियन एकाच रिपोर्टमधल्या 'बी३' चे दोन अर्थ लावू शकतात. जॅक्सन आणि ह्यूबर यांनी १९४३ मध्ये मांडलेली नावं, एपिकल, पोस्टिरियर, अँटिरियर, दिशेवरूनच आलेली आहेत, त्यांत गोंधळ नाही. माझ्या रिपोर्टात आकडा असतोच, पण नावाशिवाय कधीच नाही.

हाताच्या कामातलं एक. टोक पूर्ण वळवलेल्या अवस्थेत फोर्सेप्स (तुकडा घ्यायचा चिमटा) आत रेटू नका. बाक आलेल्या जागी ते अडतं, आणि रेटलं तर स्कोपच्या आतली वाहिनी फाटते. दुरुस्तीचं बिल बघून हॉस्पिटलचे मालक हसत नाहीत. स्कोप सरळ असताना फोर्सेप्स टोकाच्या जरा अलीकडे आणून थांबवा, मग वळवा. तरीही फोर्सेप्सच्या ताठरपणामुळे टोक पूर्वीइतकं वळत नाही, एपिकलमध्ये तर हमखास अडतं. ब्रश त्यामानानं मऊ, तो जातो. लॅव्हाजला ही अडचण नाही, पण अप्पर लोबमधून पाणी परत कमी येतं, त्यातही एपिकलमधून. स्कोप नळीत घट्ट बसवा, हलक्या हातानं ओढा; जोरानं ओढलं की नळीच्या भिंती चिकटतात आणि बाटलीत फेस आणि रक्तच येतं.

आता तुमचा पेशंट. अंदाजानं एका तोंडात पाणी घातलंत आणि ते निगेटिव्ह आलं, तर त्या निगेटिव्हला मी वजन देणार नाही. सीटी वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा बघा. मागचा फाटा कुठून निघतो हे ठरलं तर, आणि पेशंटची तब्येत झेपणारी असेल तर, पुन्हा एकदा नेमक्या नळीतून लॅव्हाज घ्या आणि सीबीनॅट व कल्चर दोन्हींना पाठवा. एन-९५ मास्क सगळ्यांनी, खोलीतली हवा खेळती, टीबीची शंका असलेला पेशंट यादीत शेवटी. आणि स्कोप झाल्यावर पेशंटला तसंच घरी पाठवू नका. नळ्या धुतल्यानं आणि खोकल्यानं पुढचा दिवसभर जी थुंकी येते, ती आधीच्या थुंकीपेक्षा कामाची असते. कधीकधी लॅव्हाज निगेटिव्ह आणि ही थुंकी पॉझिटिव्ह असंही होतं. वॉर्डातून बाहेर पडतानाच त्याच्या हातात नाव लिहिलेली फाल्कन ट्यूब (थुंकीसाठीची झाकणाची नळी) द्या आणि ती कधी, कुठं आणून द्यायची ते बरोबरच्या नातेवाइकाला सांगा.